मामांच्या फोटोतला रणगाडा कोणता? १/३५ (पस्तीसपट लहान) मॉडेल करायचं आहे

खाडीकाठ (रत्नागिरी)

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझे थोरले मामा सैन्यात इंजिनियर्समध्ये होते. राजापूरच्या घरी त्यांचा एक कृष्णधवल फोटो आहे, पोस्टकार्डाएवढा. मामा रणगाड्याला टेकून उभे आहेत आणि मागे पेन्सिलीने 'छंब ७१' एवढंच लिहिलंय, म्हणजे १९७१ च्या युद्धातली जम्मूकडची छंब आघाडी. घरात सगळे त्याला 'मामांनी पकडलेला पॅटन' म्हणतात, म्हणजे पाकिस्तानकडचा अमेरिकन रणगाडा. पुढच्या वर्षी मामांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तेव्हा हाच रणगाडा करून त्यांच्या हातात द्यायचा आहे.

फोटो नेटवर टाकायला मामींची परवानगी नाही, म्हणून शब्दांत सांगतो. मामा डावीकडे, तोफ उजवीकडे रोखलेली. टरेट (तोफेचा वरचा फिरता भाग) गोल, उलट्या कढईसारखं. तोफेच्या नळीवर साधारण मध्यावर एक जाड फुगवटा आहे. चाकं मोठी आहेत, पण मागची एक-दोन मामांच्या पायांआड गेलीत. फेंडरवर (पट्ट्यांवरच्या पत्र्यावर) चपटे डबे.

पॅटनमधला एम४७ घेऊ की एम४८? चुकीचं किट घ्यायचं नाहीये.

स्प्रू_कटर (पनवेल)

दोन्ही नाही. पॅटनच्या ९० मिमी तोफेचा फुगवटा नळीच्या टोकाजवळ असतो. मध्यावर फुगवटा म्हणजे १०५ मिमीची ब्रिटिश एल७, आणि भारतात तेव्हा एल७ म्हणजे विजयंता. ब्रिटिश व्हिकर्स कंपनीच्या रचनेवर चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेला आपला रणगाडा. त्याचं किट शोधायला लागा, सोपं नाही ते.

चिताऱ्याचो_झील (सावंतवाडी)

माका रणगाड्यातला काय कळणा नाय, पण वाचूक बरां वाटता. चालू दे.

रेवदंडा_३५

स्प्रू, एवढी घाई नको. तोफ सगळ्यांत शेवटी बघायची.

खाडीकाठ, नवीन आहात म्हणून जरा सविस्तर लिहितो. रणगाड्यावरच्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही कारखान्यात एकदाच ठरतात आणि मग सहसा बदलत नाहीत: हलचा (खालच्या धडाचा) आकार, चाकं किती आणि त्यांच्यात अंतर किती, दातेरी चाक पुढे की मागे, इंजिनावरच्या जाळ्या. काही पलटणीत किंवा वर्कशॉपमध्ये बदलतात: मशीनगन, दिवे, सर्चलाइट, डबे, पट्टे, फेंडर, कधी कधी तोफसुद्धा. ओळख पटवायची ती पहिल्या गटावरून. दुसऱ्या गटावरून फार तर साल आणि देश कळतो. बहुतेक लोक उलटं करतात, कारण डोळा आधी तोफेवर जातो.

म्हणून चाकांपासून सुरुवात करा. एम४७ आणि एम४८ दोन्हीला प्रत्येक बाजूला सहा चाकं आणि त्यांच्या वर पट्टा तोलणारे छोटे रोलर. विजयंतालाही सहाच. तुमच्या फोटोत वरचे छोटे रोलर आहेत का? आणि दोन चाकांमध्ये कुठे मोठी फट दिसते का?

खाडीकाठ

भिंग घेऊन बघितलं. छोटे रोलर एकही नाही, पट्टा थेट मोठ्या चाकांवर टेकलाय. उजवीकडून पहिलं चाक, मग बरीच फट, मग पुढची चाकं जवळजवळ. मामांच्या पायांआडचं धरून पाच होतात.

रेवदंडा_३५

मग पॅटन गेला, विजयंताही गेला. पाच चाकं, पहिल्या आणि दुसऱ्यात फट, वर रोलर नाहीत, हे सोव्हिएत टी-५४ / टी-५५ घराणं. टी-६२ लाही पाचच चाकं आहेत, पण त्याच्या फटी मागे असतात, तिसऱ्या-चौथ्यात आणि चौथ्या-पाचव्यात. ही एक गोष्ट पाठ असली तरी धुळीने माखलेल्या फोटोतसुद्धा दोघं वेगळे काढता येतात.

स्प्रू_कटर

ठीक. मग फुगवट्याचं काय? टी-५४ च्या १०० मिमी तोफेचा बोअर इव्हॅक्युएटर, म्हणजे गोळी सुटल्यावर नळीतला धूर बाहेर ओढणारं ते पिंप, अगदी तोंडाशी असतं. मध्ये नसतं. आपल्या टी-५५ वर १०५ बसवली ती नंतर. ७१ ला मध्यावर फुगवटा आला कुठून?

आनंदीबाई_गुहागर

वाचतेय. माझा मुलगाही ही मॉडेल्स करतो, आता त्याला मी विचारणार, तुझ्या रणगाड्याची फट कितव्या चाकानंतर आहे ते.

लाल_माती (दापोली)

एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. मामांना रणगाडा दिसला की झालं. टामिया कंपनीचं टी-५५ए सहज मिळतं, जुळणी लोण्यासारखी. ते करा, गडद हिरवा मारा, मामा खूश. फटी आणि फुगवटे मोजायला मामा फूटपट्टी घेऊन बसणार आहेत का?

रेवदंडा_३५

लाल_माती, ज्या माणसाने त्या रणगाड्याला टेकून फोटो काढून घेतला, त्याला नक्की कळणार. त्यांनी तो हाताने चाचपलाय. दुसऱ्या कुणाला द्यायचं असतं तर मी तुमच्याशी सहमत झालो असतो.

निवृत्त_चिलखती (देवरुख)

उशिरा आलो, वीज नव्हती. या घराण्याच्या रणगाड्यांवर माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं.

भारताकडे ७१ ला टी-५४ आणि टी-५५ दोन्ही होते. समोर पाकिस्तानकडे चिनी टाइप ५९. टाइप ५९ म्हणजे टी-५४ए चीच चिनी आवृत्ती. छंबच्या भागात हे एकमेकांसमोर आले. धूळ, धूर, हजार मीटर अंतर, आणि दोन्ही बाजूंना तोच हल, तेच टरेट, तीच १०० मिमी तोफ. आपला कोणता, त्यांचा कोणता, हे कसं ओळखायचं? म्हणून आपल्या रणगाड्यांच्या नळीवर मध्यावर एक खोटा फुगवटा बसवला होता. आत काही नाही, नुसतं नळकांडं. लांबून दिसलं की आपला.

खाडीकाठ, नळीच्या तोंडाशी दुसरा फुगवटा आहे का बघा. खरा तिथे असणार.

स्प्रू_कटर

वा! हे खरंच सुरेख आहे.

खाडीकाठ

आहे! तोंडाशी आहे. फोटोच्या कडेला असल्यामुळे मला तो मडगार्डचा तुकडा वाटत होता. म्हणजे पकडलेला नाही, आपलाच रणगाडा?

निवृत्त_चिलखती

आपलाच. आणि मामा इंजिनियर्समध्ये होते म्हणता, मग रणगाड्यांच्या बरोबरीने त्यांचं काम असणारच. सुरुंगातून वाट काढून द्यायची, नाल्यातून पलीकडे न्यायचं. आमचे लोक इंजिनियर्सना फार मानत. पकडलेल्या पॅटनपेक्षा हा फोटो मोठा आहे, घरच्यांना सांगा.

मिरकरवाडा_बंदर

अंगावर काटा आला काका.

आता पॅटनचा विषय निघालाच आहे तर कुणी एम४७ आणि एम४८ मधला फरकही सांगा ना. माझ्याकडे एम४८ चं किट पडून आहे आणि मला ६५ च्या युद्धातल्या असल उत्तरच्या (पंजाबातल्या) रणगाड्यांच्या लढाईचा देखावा करायचाय.

रेवदंडा_३५

मिरकरवाडा, समोरून बघितलंत तर प्रश्नच राहत नाही. एम४७ चा पुढचा भाग सपाट पत्र्यांचा, त्यात उजवीकडे हलमध्ये मशीनगन आणि तिच्यामागे पाचवा माणूस. टरेट अरुंद, मागे लांब निमुळतं. एम४८ चा हल ओतीव, होडीच्या नाळेसारखा गोल, हलमध्ये मशीनगन नाही, माणसं चार. असल उत्तरला दोन्ही होते, त्यामुळे तुमचं किट वाया जात नाही. फक्त एम४८ मधला कोणता ते बघा. साधा एम४८ आणि ए१ ला वरचे रोलर पाच, ए२ ला तीन, आणि ए२ चा मागचा इंजिन डेकही वेगळा, उंच जाळ्यांचा. ए३ चं किट असेल तर ते व्हिएतनामच्या काळातलं, ६५ च्या पंजाबात बसत नाही.

आणि देखावा असल उत्तरचाच असेल तर १०६ मिमी रिकॉइललेस तोफेची जीप विसरू नका. हवालदार अब्दुल हमीद यांच्याशिवाय तो देखावा अपुरा. ४ ग्रेनेडियर्स, मरणोत्तर परमवीरचक्र. लढाईनंतर पकडलेले पॅटन भिखीविंडला इतके गोळा झाले की त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले.

लाल_माती

पण जमिनीचा रंग? मी माझ्या सगळ्या देखाव्यांच्या तळावर अंगणातली माती चाळून वापरतो.

पेणची_माती

दापोलीची माती पंजाबात नको हो! जांभ्याची तांबडी माती म्हणजे आपलं कोकण. खेमकरण, छंब, तिथली धूळ फिकट, राखाडीकडे झुकणारी. आमचा गणपतीचा कारखाना आहे, तिथे शाडू माती पडलेली असते. शाडू बारीक चाळा, पाण्यात थोडं फेव्हिकॉल, आणि मऊ ब्रशने चाकांमध्ये भरा. वाळल्यावर जो रंग येतो तो त्या फोटोंमधल्या धुळीच्या पुष्कळ जवळ जातो. रंगाची बाटली घ्यायची गरजच नाही.

दुसरं म्हणजे हल आणि टरेटच्या खाचांत गडद रंग भरताना आमच्याकडे डोळ्यांची आखणी करतात तसा हात ठेवा. मनगट टेकवायचं, श्वास रोखायचा, ब्रश खेचायचा, ढकलायचा नाही.

आनंदीबाई_गुहागर

पेणची_माती, हे मुलाला वाचून दाखवलं. तो आत्ता शाडू कुठे मिळेल ते शोधतोय.

स्प्रू_कटर

पावसाळ्यात रंग कसे सांभाळता तुम्ही लोक? लॅकर मारला की पांढुरकं धुकं धरतं पृष्ठभागावर.

रेवदंडा_३५

थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते, म्हणून. आमच्याकडे समुद्र दोनशे पावलांवर. जून ते सप्टेंबर मी फक्त जुळणी करतो. अगदीच मारायचा झाला तर सावकाश उडणारं थिनर घेतो आणि कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप लावतो. डिकॅल (खुणा-आकड्यांची चिकटचित्रं) मात्र झिपच्या पिशवीत सिलिका जेल घालून घट्ट बंद. उघडे राहिले की पिवळे पडतात आणि बुरशी धरतात.

वाशिष्ठी (चिपळूण)

यावर एक. २०२१ च्या पुरात माझी खालच्या कपाटातली सगळी किट गेली. स्प्रू (सुटे भाग धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी) धुऊन वाळवले तर प्लॅस्टिकला काही होत नाही, ते आजही वापरतोय. गेल्या त्या सूचनापत्रिका आणि डिकॅल. तेव्हापासून किट आलं की पहिल्यांदा सूचनापत्रिकेचे फोटो काढून ठेवतो. जे खाडीकाठी राहतात त्यांनी हे कराच.

खाडीकाठ

वाशिष्ठी, वाचून वाईट वाटलं. सल्ला घेतला.

मूळ प्रश्नाकडे येऊ का? टी-५४ की टी-५५, हे अजून राहिलंच आहे. टामियाचं टी-५५ए चालेल का?

रेवदंडा_३५

इथे टरेटचं छत लागेल. टी-५४ च्या टरेटवर उजव्या बाजूला, लोडरच्या (तोफेत गोळा भरणाऱ्याच्या) झाकणाच्या पुढे, हवेच्या पंख्याची छोटी गोल घुमटी असते. टी-५५ ला ती नाही. दोघांना वेगळं करणारी ही सगळ्यांत भरवशाची खूण. वरची विमानविरोधी मशीनगन बघू नका. सुरुवातीच्या टी-५५ ना ती नव्हती, पण ७० च्या आसपास पुन्हा बसवायला लागले. सर्चलाइटही बघू नका, तो जुन्या टी-५४ वरही नंतर चढवलाय.

तोफ उजवीकडे म्हणजे तुम्हाला रणगाड्याची उजवी बाजू दिसतेय. घुमटी असेल तर दिसलीच पाहिजे.

निवृत्त_चिलखती

त्याआधी एक खात्री. जुने फोटो कधी कधी निगेटिव्ह पालथी घालून उलटे छापलेले असतात. मामांच्या शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. आणि फेंडर बघा. या घराण्यात धुराडं डाव्या फेंडरवर मागे असतं. उजव्या फेंडरवर डिझेलच्या चपट्या टाक्या. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये चपटे डबे लिहिलेत.

खाडीकाठ

बटणपट्टी बरोबर आहे. धुराडं दिसत नाही, चपट्या टाक्या तीन. म्हणजे फोटो सरळ आहे आणि बाजू उजवीच.

घुमटीसाठी उद्या फोटो स्कॅन करून आणतो. मोबाइलच्या फोटोत टरेटचं छत नुसतं काळं दिसतंय.

स्प्रू_कटर

स्कॅन १२०० डीपीआयला करा, आणि रंगीत मोडमध्ये. कृष्णधवल मोडमध्ये काळ्या भागातला तपशील मरतो.

मिरकरवाडा_बंदर

रस्त्यातल्या चौकांत, शाळांपुढे चबुतऱ्यावर ठेवलेले रणगाडे बघून तपशील घेता येईल का? सुट्टीत आम्ही घाटावर जातो तेव्हा दिसतात.

निवृत्त_चिलखती

मापं घ्या, पण पुरावा मानू नका. चबुतऱ्यावरचा रणगाडा सेवेतून बाद होऊन येतो. जाण्याआधी उपयोगी भाग काढून घेतात, कमी पडलेलं दुसऱ्याचं बसवतात, मग वर्षावर्षाला तेलरंगाचे थर. चाकंसुद्धा मिसळलेली असतात. या घराण्यात जुनी चाकं बारीक बारीक कड्यांची, नंतरची पाच जाड पाकळ्यांची, आणि एकाच रणगाड्यावर दोन्ही मी पाहिली आहेत.

बघायचंच असेल तर अहिल्यानगरला जा, कॅव्हलरी टँक म्युझियमला. शेजारी शेजारी उभे आहेत, फिरून फरक बघता येतो. बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यात लढले तो 'फामागुस्ता' नावाचा सेंचुरियन रणगाडाही नगरलाच जतन केलेला आहे.

लाल_माती

मी जाऊन आलोय त्या म्युझियमला. मुलांना घेऊन जा, सकाळी लवकर. ऊन फार असतं आणि लोखंडाला हात लावला तर भाजतो.

खाडीकाठ

स्कॅन झालं. घुमटी आहे! लोडरच्या झाकणापुढे, अगदी स्पष्ट. झाकणाजवळ मशीनगनचं कडंही आहे, गन मात्र नाही. तोफेच्या उजवीकडे सर्चलाइट नाही. चाकं कड्यांची, पाकळ्यांची नाहीत.

मामांनाही विचारलं काल. मी नुसतं म्हटलं, "मामा, हा पॅटन का?" तर ते म्हणाले, "पॅटन कशाला असेल, हा आपला. नळीवर डबा बघ की!" घरात इतकी वर्षं पॅटन म्हणत होते तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत, तर म्हणे मला कुणी विचारलंच नाही.

आनंदीबाई_गुहागर

मामांना नमस्कार सांगा.

रेवदंडा_३५

झालं मग. टी-५४, नळीच्या तोंडाशी इव्हॅक्युएटर म्हणजे टी-५४ए किंवा त्यानंतरचा, आणि सर्चलाइट नसल्यामुळे माझं मत टी-५४ए. टामियाचं टी-५५ए घेऊ नका. घुमटी बनवता येईल, पण टरेटचं छत, मागचा भाग, चाकं सगळंच बदलावं लागेल. मिनीआर्टचं टी-५४ए घ्या. आतल्या इंजिनासकट येतं. तुकडे खूप आहेत, धीर धरा. बजेट कमी असेल तर ट्रम्पेटरचं टाइप ५९, कारण हल आणि टरेट तेच. गंमत बघा, शत्रूच्या किटमधून आपला रणगाडा.

लाल_माती

मिनीआर्टचे पट्टे सुटे येतात, कडी कडी जोडायची. बायकोला, मुलांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना बसवा.

खाडीकाठ

मिनीआर्टच मागवतो. आता तो खोटा फुगवटा कशाचा करू? किटमध्ये नसणार.

चिताऱ्याचो_झील

ह्यां माका जमतला! आमचां कांतकामाचां घर. लाकडी खेळणी, फळां, सगळां लेथार कांततो. मापां धाड, हलक्या लाकडाचां नळकांडां कांतून देतंय. मधी भोक पाडून, नळी आरपार जाईत असां.

रेवदंडा_३५

क्या बात है. खाडीकाठ, माप असं काढा. १०० मिमी तोफेचं भोक १/३५ मध्ये २.८६ मिमी. नळीची बाहेरची जाडी किट आल्यावर कॅलिपरने मोजा. मग स्कॅनमध्ये खऱ्या इव्हॅक्युएटरची जाडी आणि खोट्याची जाडी यांचं गुणोत्तर काढा. दोन्ही एकाच नळीवर, जवळपास एकाच अंतरावर आहेत, त्यामुळे कोनाचा फरक फारसा पडणार नाही. किटमधल्या खऱ्याच्या मापाला त्या गुणोत्तराने गुणलं की लाकडाचं माप.

पेणची_माती

लाकडावर रंगाआधी सॅंडिंग सीलरचे दोन हात मारा आणि बारीक पॉलिशपेपरने घासा. नाहीतर लाकडाच्या रेषा रंगातून वर दिसतात आणि धातू वाटत नाही.

निवृत्त_चिलखती

आणि नळकांड्याच्या दोन्ही टोकांना काय आहे ते स्कॅनमध्ये नीट बघून घ्या खाडीकाठ. चकती वेल्ड केलीय, की पत्रा दुमडून पट्टी आवळलीय? मामांना विचारा, त्यांना आठवेल. कांतायच्या आधी ते कळलेलं बरं.

खाडीकाठ

रविवारी राजापूरला जातोय. विचारून इथेच लिहितो. सावंतवाडीकर, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.